रणधीरच्या ओळीतलं टिंब

पुणे, ४ ऑक्टोबर २०२५

ती. बब्रुवानमामांना नमस्कार,

शेवटचं पत्र मी सातवीच्या परीक्षेत लिहिलं होतं, तेही काल्पनिक मित्राला. पण तुम्ही फोनवर बजावलंत की वही हवी असेल तर कागदावर माग, कारण फोनवर मी दर दोन वाक्यांनी ‘एक मिनिट मामा’ म्हणतो. तेव्हा मागतो.

मी एक ॲप बनवतोय. नाव ‘घाम’. रोज केलेला व्यायाम त्यात लिहून ठेवायचा, म्हणजे आपण कुठं पोचलो ते कळतं. नोंदींची रचना मी स्वतः केली आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. मोठ्या डब्यात लहान डबा, त्यात आणखी लहान, अशी ती आहे. सगळ्यात बाहेर माणूस. माणसाच्या आत दिवस. दिवसाच्या आत व्यायाम, व्यायामाच्या आत फेऱ्या आणि फेरीच्या आत आकडा. एकदा माणूस सापडला की त्याचं सगळं त्याच्या पोटात सापडतं.

आई सांगत होती, शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुम्ही पोलीस भरतीच्या मुलांना रोज सकाळी मैदानावर तयार करता आणि प्रत्येकाची नोंद वहीत ठेवता. ती वही मला पाठवा. आमच्या चारुशीला मॅडमनी सांगितलंय, नोव्हेंबरअखेर खऱ्या माणसांच्या खऱ्या नोंदी घालून ॲप चालवून दाखव, नाहीतर गुंडाळून ठेवू. पुण्यातली खरी माणसं तीन दिवस व्यायाम करतात आणि चौथ्या दिवशी बूट विकायला काढतात. त्यांच्यावर भागत नाही.

तुमच्या वहीला नावं ठेवत नाही. पण वहीत एका पानावर सगळ्यांची गर्दी असते. मी प्रत्येकाला त्याचा त्याचा डबा देईन. तुमच्या मैदानाला जरा शिस्त लागेल.

तुमचा,
उत्कर्ष

*

लोहारा, ९ ऑक्टोबर २०२५

चि. उत्कर्ष,

आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर पाहून आधी ते औषधाच्या दुकानात दाखवावं असं वाटलं.

एकतीस वर्षं पोरांना ‘सावधान’ शिकवलं, आता भाचा मैदानाला शिस्त लावणार म्हणतोय, चांगलं आहे. ॲपला ‘घाम’ नाव ठेवलंस तेही चांगलं. तुझी आई दीपमाला सांगत होती की ऑफिसात तू स्वेटर घालून बसतोस.

तुझी डब्यात डब्याची रचना नीट वाचली. आमच्याकडं तिला उतरंड म्हणतात. उतरंड दिसायला फार देखणी, पण खालचं मडकं काढलं की वरची सगळी अंगावर येतात. तुझ्या उतरंडीत एखादा माणूसच काढून टाकला, तर त्याच्या पोटातल्या नोंदी कुठं जातात ते कळव. आणि कोण कोणाबरोबर पळालं हे कुणाच्या पोटात घालणार, तेही कळव. माझ्या वहीत एक पान म्हणजे एक सकाळ. कोण आलं, कोण कोणाच्या जोडीनं पळालं, कोण पोटात दुखतंय म्हणून लिंबाखाली बसलं, सगळं एका नजरेत दिसतं.

वही जूनपासूनची आहे. हणमंतप्पाचा रणधीर सगळ्यात नियमित. नियमित येतो आणि नियमित धापा टाकतो. दर रविवारी हणमंतप्पा माझ्या शेजारी बसून, चष्मा लावून वही वाचतो, पोराच्या ओळीवरून बोट फिरवतो आणि समाधानानं जातो. त्याची मुलगी निकिता रोज भावासाठी दुधाचा थर्मास घेऊन येते. एकोणीस वर्षांची आहे, बारावी झाली आहे. तिनं भरतीचा फॉर्म भरावा असं माझं मत आहे. मुलीनं चारचौघांत पळणं बरं दिसत नाही आणि माघात लग्न उरकायचं, असं हणमंतप्पाचं मत आहे. फॉर्मची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. ती चुकली की पोरीचं पोलीस होणं चुकलं, कारण पुढच्या भरतीपर्यंत ती कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापत असेल. मला हे मनापासून लागतं, म्हणून तुला लिहिलं. तुझ्या ॲपशी त्याचा संबंध नाही.

एक सूचना. रणधीरच्या ओळीत काही नोंदींवर टिंब दिलेलं आहे. त्या नोंदींना मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कारण इथं लिहीत नाही, लोहाऱ्यात लिहिलेलं काही गुपित राहत नाही.

वही सांभाळून वापर आणि परत पाठव.

तुझा,
मामा

*

पुणे, २४ ऑक्टोबर २०२५

ती. मामा,

वही पोचली. आठ दिवस बसून सगळी ॲपमध्ये उतरवली. आमच्या ऑफिसात तिच्याभोवती गर्दी होते. एकानं वास घेऊन पाहिला.

तुमच्या शंका. माणूस काढला की त्याच्या आतल्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. तीच तर सोय आहे, मागं कचरा राहत नाही. आणि कोण कोणाबरोबर पळालं हा तपशील मी सोडून दिला. घाम ज्याचा त्याचा असतो.

टिंबांचा अर्थ मला विचारायची गरज पडली नाही. शाळेत तुम्ही चांगल्या गृहपाठावर लाल टिंब द्यायचात. तसंच रणधीर जीव तोडून पळाला की त्याला टिंब. पण एक गंमत सापडली. तुमच्या वहीत रणधीर एकाच वेळी दोन ठिकाणी असतो. सव्वासहाला तो सोळाशे मीटर पळतोय आणि सव्वासहालाच टिंबासकट आठशे मीटर पळतोय. गोळाही दोन वजनांचा फेकतोय. वय झालं की हात चुकतो, मामा, त्यात काही नाही. मी नियम घातला की एका माणसाच्या आत एका वेळी एकच नोंद. दोन आल्या तर चांगली ठेवायची, रडकी गाळायची. एकशे बत्तीस रडक्या नोंदी गेल्या आणि रणधीर असा काही झळकला की मॅडम उठून माझ्या टेबलापाशी आल्या. आठशे मीटर, दोन मिनिटं बावन्न सेकंद. तुमच्या अख्ख्या मैदानात तो पहिला आहे आणि तुम्हाला पत्ता नाही.

त्याला आम्ही ‘घाम’चा आदर्श धावपटू केलंय. कंपनीच्या शिक्क्याचं गौरवपत्र त्याच्या वडिलांच्या नावानं परवाच पाठवलं. हणमंतप्पांना आनंद होईल.

तुमचा,
उत्कर्ष

*

लोहारा, ३ नोव्हेंबर २०२५

उत्कर्ष,

हणमंतप्पाला आनंद झाला. इतका झाला की त्यानं तुझं गौरवपत्र प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलं आणि कटिंगच्या दुकानात, पानाच्या टपरीवर आणि एसटी स्टँडावर वाचून दाखवलं. काल रविवारी तो पाच-सहा जणांना घेऊन मैदानावर आला आणि रणधीरला म्हणाला, पळ.

रणधीरनं माझ्याकडं पाहिलं. मी शिट्टीची दोरी सोडवत बसलो. आमचं मैदान दोनशे मीटरचं, म्हणजे आठशेला चार फेऱ्या. पहिली त्यानं बापाच्या अब्रूसाठी काढली, दुसरी माझ्या धाकानं. तिसरीत तो चालू लागला. चौथी कशीबशी संपवून फक्कीच्या रेषेवर आडवा झाला. तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद लागले. हणमंतप्पानं प्लॅस्टिकमधला कागद पुन्हा वाचला आणि म्हणाला, “सर, हितं तर दोन बावन्न लिवलंय.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात निकितानं थर्मास खाली ठेवला. ओढणी कमरेला बांधली, चपला बाजूला काढल्या आणि रेषेवर येऊन उभी राहिली. मी स्टॉपवॉच हणमंतप्पाच्याच हातात दिलं. पोरगी अनवाणी पळाली. दोन मिनिटं चोपन्न सेकंद.

हणमंतप्पा म्हणाला, घड्याळ बिघडलंय. पंधरा मिनिटांनी तिला पुन्हा पळवली, स्वतःच्या मोबाईलवर वेळ लावून. दोन सत्तावन्न. मग त्यानं विचारलं, “ही कवापासून पळायली?”

“जूनपासून,” निकिता म्हणाली. “रणधीरच्या ओळीत.”

आता तुझ्या डोक्यात उजेड पडला असेल. भरतीत मुलगे सोळाशे पळतात, मुली आठशे. मुलींचा गोळा चार किलोचा. आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतं ते तुमच्या ऑफिसात एकालाही कळलं नाही. तू रडक्या म्हणून फेकल्यास त्या रणधीरच्या खऱ्या नोंदी, आणि ज्याच्यासाठी रणधीरला डोक्यावर घेतलंस तो सगळा निकिताचा घाम. हात लावू नको म्हटलं होतं, तू हात धुऊन मागं लागलास.

माझंही सांगतो. तिचं नाव वहीत लिहिलं असतं तर पहिल्याच रविवारी बापानं वाचलं असतं. म्हणून मी तिला भावाच्या ओळीत घातली आणि वर टिंब दिलं. तुझ्यासारखं शिकलो नाही, पण डब्यात डबा मला तुझ्या आधी जमला होता. त्याची मला आता लाज वाटते.

हणमंतप्पा आज घरी आला होता. स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहूनही त्याला पोरीच्या पायांपेक्षा कंपनीच्या शिक्क्याचा भरवसा जास्त. म्हणतो, तिच्या नावाचा तसाच कागद आणा, मग फॉर्मसाठी तिचा शाळेचा दाखला पेटीतून काढायचा का ते बघू. तेव्हा त्या नोंदी रणधीरमधून बाहेर काढ, तिच्या नावावर कर आणि छापून पाठव. सत्तावीस दिवस राहिलेत. एवढं एक काम नीट कर.

मामा

*

पुणे, १० नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र वाचलं. मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं नोकरी गेली, पण त्या म्हणाल्या, ही तर फार मोठी गोष्ट सापडली. आपल्याकडं माणूस एकटा नसतोच. रचनेतच चूक आहे.

त्यांच्या सांगण्यावरून मी रचना मुळापासून बदलली. आता सगळ्यात बाहेर माणूस नाही, कुटुंब आहे. कुटुंबाच्या आत सदस्य, सदस्याच्या आत दिवस, पुढं सगळं आधीसारखं. निकिता आता भावाच्या पोटात नाही. हणमंतप्पांच्या कुटुंबात ती स्वतंत्र सदस्य आहे, क्रमांक चार. तिच्या सगळ्या नोंदी तिच्या नावावर करून शिक्क्यासकट छापून सोबत पाठवल्या आहेत. हणमंतप्पा खूष व्हावेत म्हणून त्यांना कुटुंबप्रमुख केलंय. रोजची नोंद त्यांनी मंजूर केली की मगच पक्की होईल, म्हणजे त्यांना डावलल्यासारखं वाटणार नाही.

आणि एक सोय मला स्वतःला फार आवडली. मुलगी लग्न होऊन गेली की प्रमुखानं फक्त ‘सदस्य काढा’ दाबायचं. ती तिच्या सगळ्या नोंदींसह निघून जाते. मागं कचरा राहत नाही.

२८ तारखेला मोठं सादरीकरण आहे, त्याच्या तयारीत असेन. वही तोवर इथंच राहू द्या. मॅडमनी ती काचेच्या कपाटात ठेवली आहे.

तुमचा,
उत्कर्ष

*

लोहारा, १८ नोव्हेंबर २०२५

उत्कर्ष,

कागद पोचला. हणमंतप्पाला आवडला. पोरीच्या नावापेक्षा वर, मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव आहे म्हणून जास्त आवडला. त्यानं तुझं ॲपही घेतलंय.

आता रोज सकाळी तो माझ्या शेजारी बसतो. निकिता पळते, आणि हा मोबाईल लांब धरून विचार करतो. काल मंजूर केलं. आज सकाळी म्हणाला, लई लोक बघत होते, नामंजूर. मी म्हटलं, पळून झालेलं नामंजूर कसं होतं? तो म्हणाला, बटण हाय न्हवं. जन्मभर त्याला एवढा अधिकार कुणी दिला नव्हता, तो तू पुण्यात बसून दिलास.

दाखला अजून पेटीत आहे. रविवारी तामलवाडीची माणसं पोरीला बघायला येणार आहेत. तुझं ते मंजुरीचं आणि काढायचं बटण आजच्या आज बंद कर. सादरीकरण राहू दे. बारा दिवस राहिलेत.

मामा

*

लोहारा, २१ जानेवारी २०२६

उत्कर्षदादांना नमस्कार,

मी निकिता. तुम्ही मला ओळखता, सदस्य क्रमांक चार. सरांनी पत्ता दिला आणि म्हणाले, मी लिहिलं तर शिवी निघेल, तूच लिही. त्यांच्या १८ नोव्हेंबरच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. तुमचं सादरीकरण छान झालं असं तुमच्या आईंकडून कळलं. अभिनंदन.

आमच्याकडंही सादरीकरण झालं, तुमच्या पाच दिवस आधी. तामलवाडीचे पाहुणे आले होते. मुलाचे चुलते बंडप्पा, त्यांनी बाबांना विचारलं, पोरगी पळती म्हणं? बाबांनी खिशातून मोबाईल काढला. “पळत होती. आता न्हाय,” म्हणाले, आणि तुमचं बटण दाबलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ॲपनं काहीतरी विचारलं. बाबांनी चष्मा घातला नव्हता, म्हणून रणधीरला वाचायला लावलं. रणधीरनं वाचलं, खात्री आहे का? बाबा म्हणाले, व्हय. मग तिथं आलं, कुटुंबातील सदस्य तीन. पाहुण्यांचं समाधान झालं. जाताना त्यांनी ॲपचं नाव विचारून घेतलं.

पाच महिन्यांचं माझं सगळं पळणं चहा निवायच्या आत गेलं. तुम्ही म्हणता तसं, मागं काही कचरा राहिला नाही. मला रडू आलं, ते स्वयंपाकघरात रडून घेतलं.

माझ्या आईला, रुद्रम्माला, वाचता येत नाही. तिनं विचारलं, तुला कशातून काढलं गं? मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा बाजाराला गेल्यावर तिनं पेटी उघडली, दाखला, आधार, प्रमाणपत्रं सगळी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “जा, भर जा. थर्मासातलं दूध म्या काय रणधीरसाठी घालत न्हवते.” दादा, तो थर्मास रोज मीच रिकामा करत होते, आणि मला वाटायचं आईला यातलं काही माहीत नाही. २७ तारखेला सरांबरोबर जाऊन फॉर्म भरला.

परवा धाराशिवला मैदानी चाचणी झाली. रणधीर सोबत आला होता. त्यानं या वेळी फॉर्म भरला नाही, म्हणाला, एका घरात एकच पळणारा पुरे. दिवसभर माझा थर्मास धरून कुंपणाबाहेर उभा होता. बाबा आले नाहीत. मी आठशे मीटर दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंदांत पळाले. निकाल यायचा आहे. तामलवाडीची बोलणी थांबली आहेत, मोडलेली नाहीत. काय होईल ते अजून कुणालाच माहीत नाही.

तुमच्या रचनेबद्दल दोन गोष्टी सांगते, राग मानू नका. सरांनी मला रणधीरच्या आत टिंब केलं, तुम्ही बाबांच्या आत चौथा क्रमांक केलं. दोघांनीही माझ्या चांगल्यासाठीच केलं. पण पळणं कुणाच्या पोटात ठेवायचंच कशाला? नोंद वेगळी ठेवा आणि तिच्यावर पळणाऱ्याचं नाव लिहा. मग घरातून कुणी कुणालाही काढलं तरी जे पळून झालं ते राहील. मी संगणक शिकलेली नाही, पण मैदानावर असंच करतात. छातीवर एक नंबर लावतात आणि वेळ त्या नंबरापुढं लिहितात. माझा चारशे सतरा होता. त्यावर भावाचं नाव नव्हतं, बाबांचंही नव्हतं.

दुसरं, वही काचेच्या कपाटातून काढून पाठवून द्या. माझी सगळी टिंबं तिच्यात आहेत. मी नवी वही आणली आहे, त्यात माझ्या नावानं उतरवून घेणार आहे.

परवा परत आल्यावर बाबांनी रणधीरला माझी वेळ विचारली. थोड्या वेळानं पुन्हा विचारली. काल ते स्टँडावर जाऊन आले. तिथं काय सांगितलं माहीत नाही, पण आल्यापासून मोबाईल घेऊन बसलेत. काढलेला सदस्य परत घ्यायचं बटण त्यांना सापडत नाहीये. तुम्हाला विचारून घे म्हणाले. मी म्हटलं, विचारते.

विचारलं. उत्तर पाठवायची घाई करू नका.

निकिता